बेचिराग गावातला धूर

काही प्रकरणं निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या खणातच राहून जातात. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात माझा फोटो छापून यावा असं काहीच नव्हतं. एका ओसाड गावात माणसं राहतात की नाही, एवढाच तपास होता. नोकरीभर मी माणसं कुठं आहेत ते शोधत आलो. ती आहेत की नाहीत, हे ठरवायची पाळी एकदाच आली.

यवतमाळ जिल्ह्यातलं ते तालुक्याचं गाव, मारेगावच्या बाजूचा कापसाचा पट्टा. गावाचं किंवा माणसांचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांचं त्यावाचून अडणार नाही. ठाणेदार म्हणून माझी ती शेवटची नेमणूक. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी परराज्यात नोकरीला. ठाण्यामागच्या क्वार्टरमध्ये मी, पुस्तकांच्या पेट्या आणि एक मच्छरदाणी असे राहत होतो. कळंबजवळच्या मूळ गावातलं घर बंद होतं. आई गेल्यावर किल्ली शेजाऱ्याकडे दिली आणि सगळेच म्हणतात ते म्हणालो, "जरा लक्ष असू द्या." तो "हो" म्हणाला. तेवढ्यावर मी निश्चिंत होतो.

तालुक्याच्या गावाचा कचरा डेपो भरून वर आला होता. उन्हाळ्यात तो आपोआप पेटायचा आणि वारा फिरला की धूर ठाण्यात यायचा. लॉकअपमधले आरोपीसुद्धा तक्रार करत, आणि त्यांची तक्रार रास्त असे. नगरपंचायतीनं डेपो वाढवायचं ठरवलं. पलीकडे शेतं होती, विकास आराखड्यात शेती विभाग म्हणून हिरवी रंगवलेली. तो विभाग बदलून घ्यायचा, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची असा कार्यक्रम ठरला. कोनशिला आधीच तयार होती. नगरपंचायतीच्या जिन्याखाली मी ती पाहिली होती. मान्यवरांची नावं कोरलेली, तारखेची जागा तेवढी रिकामी.

मग माती आडवी आली.

माती तपासायला नागपूरहून एक तरुण अभियंता बाई आल्या होत्या. त्यांनी शेतात खोदलेल्या खड्ड्यांवर राखणीला आमचा एक शिपाई दिला होता, त्यामुळे त्या अधूनमधून ठाण्यात चहाला येत. अडचण काय आहे ते त्यांनी मला सांगितलं.

"सर, ही शेतं खोल काळी आहेत. पावसात फुगतात, उन्हाळ्यात फाटतात. कचऱ्याच्या खड्ड्याला तळाशी जाड प्लास्टिकचं अस्तर घालावं लागतं. जमीनच हलली तर अस्तर टिकणार नाही. कचऱ्याचं काळं पाणी भेगांतून सरळ विहिरींना जाईल."

"मग?"

"त्या शेतांच्या मागे उंचवटा आहे ना, ओसाड गावाचा? तिथं वर पांढरी माती, खाली मुरूम. मुरमातून पाणी झिरपतं, पण मुरूम हलत नाही. अस्तर टिकेल."

"म्हणजे जुन्या लोकांनी घरांसाठी निवडली तीच जागा."

त्या हसल्या. "त्यांनाही न फाटणारीच जमीन हवी होती. काळी पिकाला आणि पांढरी वस्तीला, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत."

घर जिथं टिकतं तिथंच कचऱ्याचा खड्डाही टिकतो, हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

महसुलाच्या कागदावर ते गाव 'बेचिराग' होतं. ज्या गावात दिवा लागत नाही ते. सरकारी कागदांत इतका हळवा शब्द दुसरा माझ्या पाहण्यात नाही. मोठा रस्ता दुसरीकडून गेला, विहिरीचं पाणी बिघडलं, शाळा बंद पडली, आणि एकेक घर उठून तालुक्याला, नागपूरला, पुण्याला गेलं. शेतं मात्र लोकांकडेच होती. मोटारसायकलवर येऊन कापूस-तूर करत आणि संध्याकाळी परतत. वर उंचवट्यावर कोणी चढत नसे. वस्तीपासून ठरावीक अंतराच्या आत असा कचरा प्रकल्प करता येत नाही, हा नियम. पण जिथं वस्तीच नाही तिथून अंतर मोजणार कसं? प्रकल्प शेतांवरून उंचवट्यावर सरकला आणि अडचण उरली नाही.

अशात एक दिवस नगरपंचायतीचे मुख्याधिकारी ठाण्यात आले. मागे शिपाई, शिपायाच्या एका हातात थर्मास, दुसऱ्यात लॅपटॉप.

"गुन्हा नोंदवा," ते म्हणाले.

"कोणाविरुद्ध?"

"अज्ञात टोळी." त्यांनी लॅपटॉप उघडला. मोजणीसाठी काही दिवस ड्रोन उडवला होता, त्याचे फोटो होते. ओसाड गावातली अंगणं झाडलेली, दारात सडा, दोरीवर लुगडं, छपरातून धूर. "पाहिलंत? सुनावणीच्या तोंडावर बोगस वस्ती उभी केली आहे. शासनाची दिशाभूल."

"तुम्ही वर जाऊन पाहिलं?"

"ड्रोननं पाहिलं ना."

ड्रोन कोणाशी बोलला का, हे विचारायचं मी टाळलं. फोटोंच्या प्रती ठेवून घेतल्या, स्टेशन डायरीला नोंद केली आणि तक्रार अर्ज चौकशीवर ठेवला. 'चौकशीवर ठेवला' हे पोलिसांचं फार उपयोगी वाक्य आहे. कधीकधी ते खरंही असतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. त्याच दुपारी डेपोविरोधी संघर्ष समितीचे अध्यक्ष आले. गळ्यात दुपट्टा, मागे कार्यकर्ते, त्यातल्या एकानं मोबाइल आधीपासूनच उभा धरलेला.

"साहेब, मला अटक करा."

"कशाबद्दल?"

"जनतेला तिच्या मूळ गावी परत आणणं हा गुन्हा असेल, तर तो मी केला आहे."

"बसा. कोणती जनता? एक नाव सांगा, जबाब नोंदवून घेऊ."

ते बसले नाहीत. बसल्यावर फोटो चांगला येत नाही. "जनतेला नाव नसतं साहेब."

मी त्यांना एकट्यालाच आतल्या खोलीत नेलं. चौकशीचा माझा एक साधा अनुभव आहे. प्रेक्षक काढून घेतले की निम्मा जबाब आपोआप खरा होतो. अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खरं सांगू का साहेब? थे कोन हायेत ते मलेबी मालूम नाही. पन आता भाषनात बोलून गेलो मी. तुमाले समजलं तं आधी मले सांगजा, बस."

बाहेर पडताना त्यांनी हात उंचावला. कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या. साहेब दबले, असं नंतर गावात पसरलं.

माग मिळाला तो बसस्टँडसमोर. तिथं मोटारगाड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. त्या उंचवट्याच्या पायथ्याशी त्यांची थोडी तुरीची शेती होती, आणि रोही म्हणजे नीलगायी आणि डुकरं यांच्यापासून पीक राखायला ते सकाळ-संध्याकाळ मचाणावर बसत. खबरी म्हणावं असे ते नव्हते. आमच्या जीपखाली आडवे पडून सायलेन्सर बघता बघता ते म्हणाले,

"साहेब, वरच्या गावात टोळी आली म्हनते."

"तुम्ही काय म्हणता?"

"आपल्याले झंझट नाही पाह्यजे. पन एक बात सांगतो. टोळी असती तं सांजच्याले सगळ्याच घरातून धूर निंघाला असता का नाही? चूल तं सगळ्याइचीच पेटते. अन् इथं पाहा, आज एका घरातून धूर, उद्या दुसऱ्या. दोन घरातून संगं धूर मी कधी पाह्यलाच नाही."

"मग कोण आहे तिथं?"

"थे तुमी पाहा, तुमाले पगार हाये." ते जीपखालून बाहेर आले, हात पुसत. "पन जाल तं गाडी खालीच ठेवजा. अन् बूट वाजवत नोको जाजा."

ठाण्यात येऊन मी ड्रोनचे फोटो तारखेनुसार टेबलावर मांडले. ज्या कोणी ते काढले होते त्यानं गाव मोजलं होतं, पाहिलं नव्हतं. प्रत्येक फोटोत धूर एकाच छपरातून होता. ज्या घरातून धूर, त्याच घरासमोर दोरी, आणि प्रत्येक दोरीवर काठाला ठिगळ असलेलं तेच हिरवं लुगडं. माझे हवालदार खांद्यावरून वाकून पाहत होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, हे टोळी तं एकाच लुगड्यात हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. जीप चाचांच्या बांधापाशी ठेवली. वर चढताना काळी माती संपून पांढरी लागते ती जागा पायालाही कळते. बुटाला चिकटणारं ढेकूळ सुटतं आणि चाल हलकी होते. गाव लहान होतं. मातीच्या भिंती, कवेलूंची म्हणजे कौलांची छपरं, मधून वाट. वाट झाडलेली होती. ओसाड गावं मी पाहिली आहेत. तिथं आधी कवेलू जातात, मग वासे, मग भिंती पावसात विरघळतात. इथं एकही भिंत पडलेली नव्हती. आणि एकही आवाज नव्हता. झाडलेली वाट आणि तिच्यावर कोणाचंच पाऊल नाही, हे दृश्य मला कुठल्याही खुनाच्या जागेपेक्षा जड गेलं.

ज्या घरातून धूर येत होता त्याच्या दारात मी उभा राहिलो. "इथं कोण राहतं?"

आतून एक म्हातारी बाहेर आली. हिरवं लुगडं, धुरानं लाल झालेले डोळे. गणवेश पाहिल्याबरोबर तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या पायाशी ठेवला.

"घ्या बाबू. मी काही चोरलं नाही."

मी ओट्यावर बसलो, म्हणजे तिला उभं राहावं लागणार नाही. "चोरीचं कोणी काही म्हणत नाही, माय. इथं कोण कोण राहतं तेवढं सांगा."

"हे घर पाटलाचं. थे त्याच्या भावाचं. पलीकडचं सुताराचं..."

"घरं नाही विचारत. माणसं."

"मानसं कुठची बाप्पा आता. मीच हाये."

"मग रोज वेगळ्या घरात धूर कसा?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की हा मातीच्या घरात वाढला की नाही, याची तिला शंकाच आली असावी. "धूर नाही केला तं वाळवी लागते. वासे खाते, चौकट खाते. आन् सारवलं नाही तं भुई उकलते. न्हानीत पानी नाही पडलं तं तिचे दगड सुटते. म्हनून एकेक दिवस एकेका घरी राह्यतो. तिथंच रांधतो, तिथंच आंघोळ करतो, लुगडं तिथंच वाळू घालतो. सगळ्याइचं झालं का पुन्हा पयल्या घरी."

वऱ्हाडातल्या जुन्या बायका कधीकधी 'राह्यतो', 'करतो' असं पुरुषासारखंच बोलतात. हवालदारांनी विचारलं, "पन काहून, बुढे? तुले कोनं सांगतलं?"

"कोनं म्हंजे? सगळ्याइनंच." ती आता जरा सैल झाली. "जातानी जो तो किल्ली देये आन् म्हने, माय, घराकडे पाहजो. मी हो म्हनो. आता एकाच्या घराकडे पाह्यचं आन् दुसऱ्याच्या नाही, असं कसं करा?"

तिचा नवरा जुनाच गेलेला, मूलबाळ नव्हतं. तालुक्याला पुतण्या होता, तो चांगला होता, "काकू, इथंच राह्य" म्हणत असे. तिचं रेशनकार्ड त्याच्या घरचं, मत त्याच्या वॉर्डात. म्हणजे कागदावर ती तालुक्यात राहत होती आणि तिचं गाव कागदावर नव्हतंच. धान्य आणायला ती बाजाराच्या दिवशी खाली उतरे. पायथ्याशी चाचा तिला मागे बसवून नेत. ही सगळी माहिती मिस्त्रींना आधीपासून होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी सांगितली नाही, एवढंच.

"इथं एकटं भेव नाही वाटत?" हवालदारांनी विचारलं.

"कायचं भेव? सगळे वळखीचे घरं हाये."

मी किल्ल्या उचलून तिच्या हातात दिल्या. तपास तिथं संपला होता. प्रकरण मात्र तिथून सुरू झालं.

मुख्याधिकाऱ्यांना मी खरं ते सांगितलं. त्यांना आनंदच झाला.

"म्हणजे वस्ती नाहीच. एक बाई. एका बाईला वस्ती म्हणतात का?"

"राहते तर आहे."

"तिचा पत्ता तालुक्याचा आहे. आणि ती दुसऱ्यांच्या कुलूपबंद घरांत शिरते आहे." त्यांनी पिशवीतून कागदांची चळत काढली. "ज्यांची घरं आणि शेतं आहेत, त्यांनीच विभाग बदलायला संमती दिली आहे. सगळ्यांनी. बघा सह्या. यातल्या एकाकडून घरात घुसल्याची तक्रार घेतो, तुम्ही तिला समज द्या, पुतण्याच्या हवाली करा. विषय संपला."

मी सह्या पाहिल्या. ज्या घराच्या ओट्यावर मी बसलो होतो, त्याच्या मालकाचीही होती. ज्या घरांची चौकट वाळवीनं खाऊ नये म्हणून ती डोळे लाल करून घेत होती, त्या घरांवर कचऱ्याचा खड्डा व्हायला मालकांची हरकत नव्हती. त्यांनाही दोष देता येत नाही. ज्या गावात मुलांना शाळा नाही तिथं परत कोण जाणार?

तक्रार द्यायला त्यांनी एकाला पाठवलं. चाळिशीचा, तालुक्यात कापडाच्या दुकानात कामाला. तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी कोरा कागद पुढे ओढला.

"तुमच्या घराची किल्ली त्या बाईंकडे कशी?"

"मायनं देल्ली व्हती माह्या. मायले जाऊन लय वर्स झाले." तो थांबला. "साहेब, थे बुढी अजून धूर करते?"

"करते."

"भुई सारवते?"

"सारवते."

तो उठला. "माही तक्रार नाही. सही देल्ली ते देल्ली, पन तक्रार नाही." दारापर्यंत जाऊन तो म्हणाला, "तिले सांगू नोका मी आलतो म्हनून." तो तिला भेटायला गेला नाही. गेला असता तर तिला काय सांगितलं असतं, मला ठाऊक नाही; त्यालाही नसावं.

सुनावणीसाठी पोलिसांचा अहवाल मागितला गेला. त्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा आणि तिचा जबाब हवा होता. पंच शक्यतो त्याच गावचे आणि प्रतिष्ठित असावेत, असा आमच्याकडे संकेत आहे. त्या गावात प्रतिष्ठित म्हणावी अशी एकच व्यक्ती होती आणि चौकशी तिचीच चालू होती. शेवटी पायथ्याशी शेत असलेले चाचा आणि शेजारच्या गावातला एक शेतकरी असे दोघं घेतले.

मी आयुष्यात बरेच पंचनामे लिहिले, रक्ताचे डाग, तुटलेल्या कड्या, टायरच्या खुणा. चुलीचा पंचनामा तो एकच. चुलीत राख, आजच्या घरी कोमट, बाकीच्या घरी गार. भुई सारवलेली. न्हाणीचे दगड घट्ट. चौकटीस वाळवी नाही. भिंतीस तडा नाही. घरामागून घर आम्ही तेच लिहीत गेलो. हवालदारांचा हात दुखून आला. मुख्याधिकाऱ्यांचा प्रतिनिधी बरोबर होता. तो म्हणाला, "साहेब, एवढं सविस्तर कशाला?" मी म्हणालो, "ड्रोनला आत जाता आलं नव्हतं, म्हणून."

मग तिचा जबाब घ्यायला बसलो. माझ्या मनात दुसराच पेच होता. सह्यांचं तिला सांगायचं की नाही? सांगितलं तर ती जे करते आहे त्याचा आधारच जातो. न सांगितलं तर सुनावणीत कोणीतरी तिच्या तोंडावर ते कागद फेकणारच. वाईट बातमी सांगायची पोलिसाला सवय असते, असं लोक समजतात. सवय उंबरठ्यावर उभं राहायची असते. सांगायची कधीच होत नाही.

"माय," मी सुरुवात केली, "ज्यांची ही घरं आहेत, ते लोक..."

"सह्या देल्या त्यायनं," ती म्हणाली. "मालूम हाये मले. बाजारात समजलं."

चाचांनी मान खाली घातली. मी विचारलं, "मग तरी?"

ती चुलीत लाकूड सारत होती. "सह्या त्यायनं सरकारले देल्या. मले तं घराकडे पाहजो म्हनलं व्हतं." लाकूड नीट पेटेपर्यंत ती थांबली. "आता नोको पाहू, असं सांगायले कोनी नाही आलं अजून."

जबाबात ते मी शब्दशः लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि अंगठा दिला.

अहवालात मी मत दिलं नाही. पोलिसानं मत देऊ नये. तेवढ्यासाठी इतर खाती आहेत. एवढंच लिहिलं की सदर गावी एक व्यक्ती कायम राहते, सर्व घरं वापरात व सुस्थितीत आढळली, दिवाबत्ती नियमित होते. बोगस वस्ती उभी केल्याचा पुरावा नाही, कारण वस्ती बोगस नाही. शेवटचं वाक्य वरिष्ठांनी खोडायला सांगितलं. मी खोडलं, पण एकाच रेघेनं, म्हणजे वाचता येईल असं.

सुनावणीत खूप भाषणं झाली. माती तपासणाऱ्या बाईंना विचारलं गेलं की काळ्या जमिनीवरच प्रकल्प करता येणार नाही का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं, आणि का नाही हेही. पांढरीवर वस्ती होती, काळीवर अस्तर टिकत नव्हतं. प्रस्ताव फेरविचारासाठी परत गेला. संघर्ष समितीनं विजयाची मिरवणूक काढली. ती त्या गावापर्यंत गेली नाही, कारण आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि काळ्या मातीत अध्यक्षांची गाडी रुतली असती. पुढे नगरपंचायतीनं डेपोतला जुनाच कचरा यंत्रानं चाळून घेतला आणि आहे त्याच जागेत जागा निघाली. हे आधीही करता आलं असतं. कोनशिलेची मात्र सोय झाली. ती चाळणीच्या यंत्राशेजारी बसली.

मी निवृत्त झालो आणि यवतमाळला दोन खोल्या घेऊन राहिलो. एक दिवस चाचांचा फोन आला. म्हातारीला ताप भरला होता, पुतण्यानं तालुक्याला नेलं होतं, आणि ती तिथंच गेली. मी बसनं पोचलो तोवर स्मशानात गर्दी झाली होती. पाटील होते, त्यांचे भाऊ, सुताराची मुलं, नागपूर-पुण्याहून आलेले लोक, कापडाच्या दुकानातला तो माणूस. सगळं गाव एका जागी होतं. इतकी माणसं तिनं कित्येक वर्षांत एकत्र पाहिली नसतील, आणि तेव्हाही पाहिली नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याला विचारत होता, कधी आलास, कुठं असतोस. किल्ल्यांचा जुडगा पुतण्यानं आणला होता. ज्यानं त्यानं आपापली किल्ली ओळखून सोडवून घेतली आणि खिशात घातली. संध्याकाळच्या आत सगळे परतले.

काही महिन्यांनी मी पुन्हा तिकडे गेलो, का ते नीट सांगता येणार नाही. पायथ्याशी उतरलो आणि वर पाहिलं. एका घरातून धूर निघत होता. टोकाचं, बाकीच्यांपेक्षा ठेंगणं घर. तिचं स्वतःचं.

आत चाचा चुलीपुढे उकिडवे बसले होते, दाढीपर्यंत धूर. मला पाहून ओशाळले.

"हे काय, चाचा?"

"पुतन्या न्यायले आलता तवा बुढी मले म्हने, मिया, माह्या घराकडे पाहजो. मी हो म्हनलो. बाकीचे आपलेच्यानं नाही होत, एवढं एक करतो."

"पण ती तर गेली."

"गेली न." त्यांनी फुंकणीनं जाळ केला. "पन नोको पाहू म्हनून सांगायले नाही आली अजून."

खाली उतरताना मागं वळून पाहिलं. बाकीच्या घरांवरचे कवेलू सरकायला लागले होते.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं निवृत्तीनंतर मला बोलायला बोलावतात तिथं विचारतात. मला वाटायचं, वस्ती म्हणजे माणसांची संख्या. कायद्यालाही तेच वाटतं, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही. पण एकजण कोणाला तरी "हो" म्हणालेला असतो आणि तो ते विसरलेला नसतो, तेवढ्यावरही गाव उभं राहतं. तो गेला की पडतं. "लक्ष असू द्या" हे वाक्य आपण कुलूप लावता लावता बोलतो. ऐकणाऱ्याच्या आयुष्याचं त्यानं काय होतं ते पाहायला परत जात नाही.

मी गेलो, उशिरा का होईना. कळंबजवळच्या माझ्या गावी. शेजाऱ्यानं प्रेमानं चहा पाजला, किल्ली शोधायला त्याला थोडा वेळ लागला. "तुमी लक्ष ठेवा म्हनले व्हते का? याद नाही ब्वा," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. तेवढं मला ओळखता येतं. दाराच्या चौकटीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या वरपर्यंत चढल्या होत्या. भुई उकलली होती. आईची चूल मात्र जागेवर होती.

मी काटक्या गोळा केल्या आणि ती पेटवली. चूल पेटवायला मला कोणी शिकवलं नव्हतं. घरभर धूर झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तेवढ्यात दाराशी कोणीतरी थांबलं. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली, मला अनोळखी असलेली एक बाई आत डोकावत होती.

"कोन राह्यते बाप्पा इथं?"

नोकरीभर हा प्रश्न मी लोकांच्या दारात उभा राहून विचारला. त्याचं उत्तर द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. डोळे पुसले आणि म्हणालो, "आजचा दिवस, मी."